बिनसुतकाचं दुःख

जो स्ट्रमरच्या हृदयात जन्मापासून खोट होती आणि ती पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. त्या पन्नास वर्षांत हा माणूस ‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक बँडचा गळा झाला. रात्रीमागून रात्री डावा पाय रंगमंचावर आपटत घसा फाटेस्तोवर गायला, वाट्टेल तशा सिगरेटी ओढल्या, वाट्टेल तशी जागरणं केली आणि 1983 साली लंडनची मॅरेथॉनसुद्धा धावला. हृदयानं कुरकुर केली नाही. 22 डिसेंबर 2002 या दिवशी, रविवारी, सॉमरसेटमधल्या ब्रूमफील्डच्या राहत्या घरी, कुत्र्यांना फिरवून आणल्यावर ते थांबलं.

मला या मरणाचा राग येतो तो त्याच्या साधेपणापायी. पंक गायकानं कसं मरावं याचा एक नमुनाच ठरून गेला होता. सेक्स पिस्टल्सचा सिड व्हिशस 1979 साली एकविसाव्या वर्षी हेरॉइनपायी गेला आणि त्या मरणाची चौकट तयार झाली: नशा, कोवळं वय, बदनामी, मग टी-शर्टवर फोटो. त्या चौकटीत शोक करणं सोपं जातं, कारण बोट दाखवायला काहीतरी असतं. स्ट्रमरनं तीही सोय ठेवली नाही. बायको-मुली आहेत, नवा बँड जोरात आहे, नव्या रेकॉर्डचं काम अर्ध्यावर आलंय, आणि माणूस बसल्याजागी गेला. भांडायचं तर कुणाशी?

त्याच्या ऐन भराशी माझा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. क्लॅश मोडला तेव्हा मी मिरजेत मराठी शाळेत जात होतो आणि इंग्रजी गाणं म्हणजे लग्नाच्या बँडवाल्यांनी वाजवलेलं काहीतरी, एवढीच माझी समज होती. माझी त्याची गाठ पडली ती शॉर्टवेव्हवर. अप्पा रेल्वेत. त्यांचा एक जुना रेडिओ होता, जो क्रिकेटच्या कॉमेंट्रीपुरता त्यांचा आणि रात्री साडेदहानंतर माझा. 1998 च्या सुमारास बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर ‘जो स्ट्रमर्स लंडन कॉलिंग’ नावाचा कार्यक्रम लागायला लागला. नाव का ठेवलं असेल ते नंतर कळलं: दुसऱ्या महायुद्धात बीबीसी ज्या शब्दांनी जगाला हाक मारायची, तेच क्लॅशनं 1979 साली आपल्या रेकॉर्डला दिले होते, आणि आता तो गायक ते शब्द घेऊन पुन्हा बीबीसीच्याच माइकसमोर बसला होता.

शॉर्टवेव्ह ज्यांनी ऐकलीय त्यांनाच ती रात्र समजेल. काटा केसभर इकडे सरकला की चिनी बाई, तिकडे सरकला की शिट्टी. मधल्या फटीत स्टेशन सापडलं तरी ते स्थिर राहत नाही. आवाज फुगतो, ओसरतो, मध्येच तळाशी जातो, आणि आपण श्वास धरून बटणावरचा हात जराही न हलवता बसतो. त्या खरखरीतून एक घोगरा माणूस बोलायचा. अर्धे शब्द गिळायचा. बीबीसीच्या इस्त्री केलेल्या इंग्रजीत वाढलेला माझा कान त्याला लावायला वेळ लागला. पण लावायचा काय? तो गाणी लावायचा! कोलंबियाची कुंबिया, जमैकाचं रेगे, आफ्रिकेतली कुठली तरी पाण्यासारखी वाहणारी गिटार, मध्येच एल्व्हिस. स्वतःचं कौतुक नाही. हा माणूस स्वतः गाणारा आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मला तो आधी भेटला तो ऐकणारा म्हणून, आणि आज वाटतं, तीच त्याची खरी ओळख होती. इतक्या अधाशीपणानं ऐकणारा गवई मी दुसरा पाहिलेला नाही.

मग मामेभावानं मुंबईहून, काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून, ‘लंडन कॉलिंग’ची कॅसेट आणली. पहिलं गाणं संपेपर्यंत आई दारात येऊन उभी.

“हा गातोय की भांडतोय?”

या गायकाबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मी कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेला नाही. दोन्ही करतोय, म्हणालो. “मग एक तरी धड करावं,” असं म्हणून ती आत गेली.

आईचं बरोबरच होतं, कारण आम्ही मिरजेचे. अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले. 1937 साली ते गेले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. त्यांच्या आठवणीत दर्ग्याच्या आवारात दरवर्षी गाणं होतं आणि मोठमोठे गवई तिथं हजेरी लावायला येतात. या गावात गवई मेला की लोक रडत बसत नाहीत, रात्रभर गातात. आणि सूर कसा असावा याची मतं पानाच्या गादीवरही फुकट मिळतात. अशा गावात बेसूर इंग्रजी गाण्यावर जीव लावणं म्हणजे घरातून पळून जाण्यासारखंच होतं, फक्त घर न सोडता.

पण आमच्या सतारमेकर गल्लीतच मला त्याच्या आवाजाचं कोडं सुटलं. ओळखीच्या एका कारागिरांकडे मी नुसता बसायला जायचो. पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. एकदा ते तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा. पुन्हा कानस. बराच वेळ तार मुकी, सरळ, गुळगुळीत वाजत राहिली. मग घोडीचा माथा हव्या त्या उताराला आला आणि तार एकाएकी झणकारली, तिच्यात एक बारीक घासर शिरली आणि एका तारेतून चार सूर ऐकू यायला लागले. ती घासर म्हणजे खरं तर तार घोडीला लागत असल्याची खूण. स्वच्छतेच्या हिशेबानं तो दोषच. पण तो नसेल तर तंबोरा हे नुसतं तार ताणलेलं लाकूड आहे. स्ट्रमरचा गळा असा घासून तयार झालेला होता. ‘स्ट्रेट टु हेल’ ऐका. तो ओरडत नाही, जवळजवळ बोलतोच. इंग्लंडच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांबद्दल, अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे सोडलेल्या पोरांबद्दल, जी बापाचा फोटो दाखवून घरी ने म्हणतात त्यांच्याबद्दल. त्या पोरांचं दुःख गोड गळ्यानं गायलं असतं तर ते पाहण्याजोगं झालं असतं. त्याच्या गळ्यात ते टोचतं. (गल्लीतल्या कुणाला ही उपमा ऐकवलेली नाही. कानस फेकून मारतील.)

वाजवण्याबद्दल तर बोलायलाच नको. तो डावखुरा, पण गिटार शिकला उजव्या हाताची, म्हणजे कसबी बोटं चुकीच्या जागी. नाजूक काम जमेना म्हणून साही तारांवर एकदम हात मारायचा आणि त्यावरूनच नाव घेतलं, स्ट्रमर. मनगट सोलून निघायचं, म्हणून पट्ट्या गुंडाळून वाजवायचा. काळ्या रंगाची ती टेलिकास्टर गिटार फोटोत पाहिली तर रंग जिथं उडालाय तिथं त्याचा हात दिसतो.

खरं नाव जॉन मेलर. जन्म अंकाराचा, 1952 चा. वडील रोनाल्ड मेलर ब्रिटिश परराष्ट्र खात्यात, आणि त्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा. बदल्यांमागं कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असं बालपण, मग नवव्या वर्षी वसतिगृहाची शाळा. पंकवाल्यांनी हे त्याच्या तोंडावर फेकलं: साहेबाचा पोरगा, गरिबांची गाणी गातो. ढोंग्या. या आरोपात तथ्य नाही असं म्हणायला मी तयार नाही. त्यानं हे बराच काळ झाकून ठेवलं होतं. पण 1970 साली त्याच्या थोरल्या भावानं आत्महत्या केली, आणि त्यानंतर हा पोरगा वेल्समधल्या न्यूपोर्टला जाऊन स्मशानात कबरी खणायचं काम करत होता, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. लंडनला परतल्यावर रिकाम्या घरांत घुसून राहणाऱ्या मंडळींत तो राहिला, त्या घराच्या 101 या क्रमांकावरूनच त्याच्या तेव्हाच्या बँडचं नाव ‘101अर्स’ पडलं, आणि 1976 साली पंकचं वारं अंगात शिरल्यावर त्याच जुन्या सोबत्यांना त्यानं ओळख देणंही सोडलं. ड्रमवाल्या टॉपर हेडनला बाहेर काढलं. 1983 साली मिक जोन्सला काढलं, ज्याच्याबरोबर ही सगळी गाणी रचली त्या मिकला. पुढं आयुष्यभर त्याची खंत केली. मी ज्याचा शोक करतोय तो साधुसंत नव्हता, हे मला नीट ठाऊक आहे.

तो गेल्याचं सोमवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं. तोच रेडिओ, तीच खरखर. आजी मटार सोलत बसली होती. मी काटा धरून ताठ झालेला तिनं पाहिला असणार.

“कोण वारलं रे?”

“एक गाणारा.”

“आपल्यातला?”

“नाही. विलायतेतला.”

“मग सुतक नाही,” आजी म्हणाली. दोन-चार शेंगा सोलल्या आणि वर न बघता म्हणाली, “चुलता गेला तेव्हा तू एवढा गप्प नव्हतास.”

आई आतूनच म्हणाली, “बरं वाटत नसेल तर आंघोळ करून घे. बंबात पाणी आहे.”

केली आंघोळ. काय चूक होतं त्यात?

आजीचा हिशेब पक्का असायचा. कुणाचे दहा दिवस, कुणाचे तीन, कुणाची नुसती आंघोळ, हे तिला तोंडपाठ. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण आहे हे त्या आठवड्यात जाणवलं. दुःखाला ती मुदत घालून देते आणि मुदत संपेपर्यंत लोकांनी तुमच्याशी कसं वागावं हेही सांगते. गुरू गेला तर शिष्याला तीन दिवस असतात, असं आजीच म्हणायची. पण ऐकणाऱ्याला काय? ज्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही, ज्यानं तुमच्या गावाचं नाव कधी ऐकलं असण्याचा संभव नाही, तो गेल्यावर तुम्ही कुणाकडून सांत्वन घेणार? दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे जमाखर्चाच्या वह्यांत मान घालून बसलेले. सांगणार कुणाला आणि काय? चहावाल्याला सांगितलं असतं तर त्यानं निदान “अरेरे” म्हटलं असतं. नाही सांगितलं.

शिवाय पंकवाल्याचा शोक करणं ही मुळातच अडचणीची गोष्ट. ही मंडळी देव्हारे मोडायला आलेली. क्लॅशनं ‘1977’ या गाण्यात एल्व्हिस, बीटल्स, रोलिंग स्टोन्स या सगळ्यांना एका दमात मोडीत काढलं होतं. अशा माणसाच्या फोटोला हार घालायचा? पण मग ‘लंडन कॉलिंग’चं मुखपृष्ठ बघा. क्लॅशचा पॉल सिमनन न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बास गिटार आपटून फोडतोय, पेनी स्मिथनं टिपलेला किंचित हललेला फोटो, आणि त्याच्या कडेनं गुलाबी-हिरवी अक्षरं. ती अक्षरं थेट एल्व्हिसच्या 1956 च्या पहिल्या रेकॉर्डवरून उचललेली. ज्याला दोन वर्षांपूर्वी मोडीत काढलं त्याच्याच अक्षरांत यांनी आपलं नाव लिहून घेतलं. मूर्तिभंजकांच्या घरातही देवघर असतंच. ते फक्त पाहुण्यांना दाखवत नाहीत.

आणि एका बाबतीत ते बोलल्याप्रमाणे वागले, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘लंडन कॉलिंग’ दोन तबकड्यांचा संच, पण एकीच्या किमतीत विकायला कंपनीला भाग पाडलं. पुढच्या वर्षीचा ‘सँडिनिस्टा!’ तर तीन तबकड्यांचा, छत्तीस गाण्यांचा. तोही स्वस्तात यावा म्हणून पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन बँडनं सोडलं. छत्तीसातली निम्मी गाणी काढून टाकली असती तर रेकॉर्ड सुधारली असती, हे माझं मत. पण ऐकणाऱ्याच्या खिशाचा विचार करून स्वतःचा खिसा रिकामा करणारे गाणारे किती?

मी नेमकं काय गमावलं, हे कळायला मात्र वर्ष गेलं. 2003 मध्ये ‘स्ट्रीटकोर’ आली, त्याच्या मेस्कलेरोज बँडबरोबरची तिसरी आणि शेवटची रेकॉर्ड. तो अर्धवट सोडून गेला होता. मार्टिन स्लॅटरी आणि स्कॉट शील्ड्स या बँडमधल्या दोघांनी ती पुरी केली. ती ऐकताना लक्षात आलं की क्लॅशवाला तरुण स्ट्रमर मला हवाच नव्हता. तो कॅसेटवर आहे, अखेरपर्यंत राहील. मला हवा होता तो साठीतला, सत्तरीतला स्ट्रमर. आमच्या गावात गाणं साठीनंतर मुरतं असं मानतात. गळा थोडा सुटतो पण काय सोडायचं हे कळायला लागतं. पंकला म्हातारपण कसं येतं हे तोवर कुणी नीट दाखवलेलं नव्हतं. हा दाखवायला लागला होता. आवाज खाली उतरला होता, घाई गेली होती, माणसांबद्दलचं कुतूहल मात्र वाढलं होतं.

2001 च्या ‘ग्लोबल अ गो-गो’मध्ये एक गाणं आहे, ‘भिंडी भागी’. लंडनच्या रस्त्यात न्यूझीलंडहून आलेला कुणी नवखा माणूस त्याला विचारतो, इथं उकडलेल्या वाटाण्याचं इंग्रजी कालवण कुठं मिळेल? आणि हा त्याला, ते काही इथं नाही बाबा, म्हणून आपल्या वस्तीत काय काय शिजतं याची यादीच ऐकवायला लागतो, त्यात आपली भेंडीसुद्धा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोठ्यानं हसलो. पंचवीस वर्षांपूर्वी दंगल पेटवणारी गाणी गाणारा माणूस आता उभ्या गल्लीचा स्वयंपाक कौतुकानं मोजत होता, आणि तरी हे त्याच गाण्याचं पुढचं कडवं होतं. 1976 च्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये पोलिसांशी झुंजणारे कॅरिबियन लोक पाहून त्यानं ‘व्हाइट रायट’ लिहिलं होतं. त्याच लोकांच्या, त्यांच्या शेजाऱ्यांच्या चुलीपर्यंत तो आता पोचला होता. पुढं कुठं गेला असता? या एका प्रश्नावर मी अजून अडतो.

त्याच्या मागे लोकांनी त्याच्या नावानं जे जे केलं त्यात मला हसू आणणाऱ्याच गोष्टी जास्त. लंडनमध्ये एजवेअर रोडजवळच्या पादचारी भुयाराला त्याचं नाव आहे. स्पेनमधल्या ग्रनाडात, जिथं तो कवी लोर्काच्या ओढीनं जायचा, एक छोटा चौक 2013 पासून त्याच्या नावाचा. आणि 2005 साली ब्रिस्टलला एका डिझेल इंजिनाचं नाव ‘जो स्ट्रमर’ ठेवलं. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते निवृत्त झालेले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या गवयात रस घेतला.

“कुठलं इंजिन?”

“क्लास सत्तेचाळीस.”

“अश्वशक्ती?”

शोधून सांगितलं: दोन हजार पाचशे ऐंशी. अप्पांनी मान डोलावली. “मग वजनदार माणूस असणार.”

2009 च्या सुरुवातीला ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ थिएटरात पाहिला. पडद्यावर दोन पोरं आगगाडीच्या टपावर बसून देश पालथा घालतायत, आणि मागं गायिका एम.आय.ए.चं ‘पेपर प्लेन्स’. त्या गाण्याचा पाया म्हणजे ‘स्ट्रेट टु हेल’मधला गिटारचा तो फिरता तुकडा. शेजारचा माणूस पॉपकॉर्न खातोय, आणि मी खुर्चीच्या कडेला. परक्या देशात नकोशा झालेल्या पोरांचं गाणं फिरत फिरत मुंबईच्या नकोशा पोरांपाशी आलं होतं, तेही रेल्वेनं. आवाज त्याचा नव्हता, पण गाडी बरोबर रुळावर होती.

इंग्लंडच्या अग्निशमन कामगारांनी 2002 च्या नोव्हेंबरात, तो जायच्या महिनाभर आधी, पगारासाठी संप केला होता. 1977 नंतरचा त्यांचा पहिला देशव्यापी संप. 15 तारखेला अ‍ॅक्टनच्या टाउन हॉलमध्ये त्यांच्या मदतीसाठी स्ट्रमर मेस्कलेरोजना घेऊन गायला. श्रोत्यांत मिक जोन्स होता. ‘बँकरॉबर’ सुरू झालं आणि मिक, काही ठरलेलं नसताना, सरळ रंगमंचावर चढला. 1983 नंतर दोघं पहिल्यांदा एका मंचावर. दीड महिन्यानं, 30 डिसेंबरला, केन्सल ग्रीनच्या दाहिनीत स्ट्रमरला निरोप दिला तेव्हा हेच बंबवाले गणवेशात मानवंदनेला उभे राहिले. सुतक त्यांनाही नव्हतं.

टाउन हॉलमधल्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढं रेकॉर्डच्या रूपानं आलं. माझ्याकडे आहे. मिक ऐन वेळी घुसल्यामुळं गिटार जरा बाजूला पडते, ताल एकदा सुटतो, स्ट्रमर काहीतरी ओरडतो, लोक त्याहून मोठ्यानं. मग ‘व्हाइट रायट’. आणि शेवटी, आग विझवणाऱ्यांच्या मदतीसाठी जमलेल्या त्या सभागृहात, दोघं मिळून जे गाणं घेतात त्याचं नाव आहे ‘लंडन्स बर्निंग’. बंबवाले नाचतायत.